ज्याची गाडी, त्याचा पाय

दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात नवा कॅमशाफ्ट बसवलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं, तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर गाडीचा मालक बसलेला असायचा. मालक कोण आहे, कोणते कपडे घालून आला आहे, त्याला पुण्याला पोचायची किती घाई आहे, याने नियमात फरक पडत नसे. एकदा लोणावळ्यातल्या एका हॉटेलमालकाने जीप न्यायला ड्रायव्हर पाठवला.

"मालक कुटंयत?" मिस्त्रींनी विचारलं.

"कामात आहेत."

"पाय मोडलाय का त्यांचा?"

"नाही."

"मग म्हनावं, पाय घिऊन या. बाकीचं अंग न्हाई आलं तरी चालंल."

हॉटेलमालक तिसऱ्या दिवशी पांढरी पँट घालून आला आणि वीस मिनिटं ॲक्सिलरेटर दाबून बसला.

नियमामागचं कारण साधं आहे. कॅमशाफ्ट हा इंजिनातला लोखंडी दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की हे उंचवटे टॅपेट नावाच्या लहान खुंट्यांना वर ढकलतात आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात. दांडा नवा असेल तर पहिल्या वीस मिनिटांत उंचवटा आणि टॅपेट एकमेकांवर घासून नीट बसतात. त्या वेळात इंजिन वेगात फिरत राहिलं पाहिजे, म्हणजे तेल उडून तिथवर पोचतं. ते 'स्लो'वर सोडलं तर तेल पुरेसं पोचत नाही आणि उंचवट्याचं टोक खरवडलं जातं. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी दिसतं.

मिस्त्री हे अशा भाषेत सांगत नसत. ते म्हणत, "लोखंडाला लोखंडाची वळख व्हायला वीस मिनिटं लागत्यात. सोयरिकीत तर वरीस जातं, तितं कोन घड्याळ बगत न्हाई." मालकालाच का बसवता, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मी बसलो तर मालक तिकडं चा पीत बसतो. मग म्हैन्याभरानं येऊन इचारतो, मिस्त्री, काय केलंत गाडीचं? वीस मिनिटं त्यानं सोता पाय दाबला की गाडी त्याची झाली. तवर ती माझी आसती. ज्याची गाडी, त्याचा पाय."

वीस मिनिटं मोजायला त्यांच्याकडे दोन घंटांचं गजराचं घड्याळ होतं. ते स्टुलावर ठेवलेलं असे. त्यातली वेळ कधीच बरोबर नसायची. मिस्त्रींना वेळेशी काम नव्हतं, वीस मिनिटांशी होतं. घड्याळ लावलं की ते लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवत, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर धरत आणि गजर होईपर्यंत कोणाशी बोलत नसत. कोणी मध्येच काही विचारलं तर नंतर सुनवत, "तुमी बोलत हुता तवा ती बी बोलत हुती. मी दोघांचं कसं ऐकू?"

गॅरेज वडगाव मावळला जुन्या महामार्गाच्या कडेला होतं. एक पत्र्याची शेड, शेजारी सुबाभळीचं झाड, इंजिन उचलायला साखळीची घोडी. मिस्त्री बुटके आणि खांद्यात रुंद होते. ते एकटे काम करत. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. "बापानं चाक धरलं, मी इंजिन धरलं. आमच्या घरात कुनी सीटवर बसलंच न्हाई," असं ते हसून सांगत. कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत ज्यांच्याकडे जुनी जीप होती, ते इंजिनाच्या कामाला त्यांच्याकडे येत. पाटी नव्हती. कोणालाही विचारलं तरी हात वर करून शेड दाखवत.

काम संपलं की ते जुने, झिजलेले भाग गोणपाटात बांधून मालकाच्या हातात देत. मालक म्हणायचा, भंगारात टाका. मिस्त्री म्हणत, "ह्ये तुमचं. घरी न्या, टेबलावर ठिवा. आपन काय केलं त्ये दिसाय पायजे." एका डॉक्टरने आपल्या दवाखान्यात खरंच एक फुटलेला पिस्टन ठेवला होता. पेशंट विचारत, हे काय? डॉक्टर म्हणत, तेल न बदलण्याचा परिणाम. मिस्त्रींना ही गोष्ट फार आवडायची.

आमची जीप पेट्रोलवरची, सरकारी लिलावातून घेतलेली. आमचं घर बेगडेवाडी स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर आहे. माझे वडील, सगळ्यांचे आबा, त्या जीपमधून वर्षानुवर्षं वडगावला दूध पोचवायचे. सात वर्षांपूर्वी इंजिन पूर्ण खोलावं लागलं. कॅमशाफ्ट सहजी मिळत नव्हता. मिस्त्रींनी तो पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एका दुकानातून शोधून आणला, मेणकागदात गुंडाळलेला, कधीही न वापरलेला. त्याच्या प्रत्येक उंचवट्याला त्यांनी बोटाने काळी पेस्ट लावली. ही पेस्ट पहिल्या फेऱ्यांत, तेल पोचेपर्यंत, लोखंडाला सांभाळते.

सुरू करायचा दिवस शनिवार होता. आबांच्या गुडघ्याला सूज होती. पायाने वीस मिनिटं दाब धरणं त्यांना जमणार नव्हतं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "पोरगा म्हंजी मालकच. बस, पेपरवाल्या." मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकासाठी मावळ तालुक्याच्या बातम्या देत होतो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मिस्त्रींनी हाताने रेस वाढवून मला पायाची जागा दाखवली. "हितं. हितनं हलायचं न्हाई." घड्याळ लावलं आणि पेचकस कानाला धरला. आठ मिनिटं झाली असतील, तेव्हा मोटारसायकलवरून एक जण आला. जवळच्या रेल्वे फाटकात गुलाबांचा टेम्पो बंद पडला होता आणि गाडीची वेळ होत आली होती. मिस्त्रींनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पाना आणि बॅटरीची केबल उचलली. "गजर वाजंस्तवर पाय काढू नको," ते माझ्या कानाशी ओरडले आणि मोटारसायकलवर मागे बसले. नवं इंजिन चालू असताना त्यांनी शेड सोडल्याचं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. आबा रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसले होते.

दोन मिनिटांनी माझा फोन वाजला. कचेरीतून होता. लोणावळ्यातल्या वाहतूक कोंडीवर चार ओळी हव्या होत्या. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येईना, त्यांनाही माझं कळेना. मी पाय काढला. इंजिन संथ झालं, अगदी गोड चालू लागलं. मी कोंडीची माहिती सांगितली, एका गावाचं नाव दोनदा सांगितलं, मथळ्यावर थोडं बोललो. फोनवर नंतर पाहिलं, बोलणं सात मिनिटं चाललं होतं. वळणावर मोटारसायकल दिसली तेव्हा मी पाय पुन्हा दाबला. रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजात त्यांना फरक कळला नसावा.

टेम्पो निघाला होता. मिस्त्री खुशीत होते. गजर झाला. त्यांनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, "पाय काढला न्हाईस ना?"

"नाही," मी म्हणालो.

"आता ही तुजी झाली," ते म्हणाले, आणि टपरीवाल्याला तीन चहा सांगितले.

ती चार ओळींची बातमी छापून आली नाही. जागा नव्हती.

अठराव्या दिवशी जीप टकटक वाजू लागली आणि चढाला दम सोडू लागली. मिस्त्रींनी इंजिनातलं तेल काढून परातीत घेतलं आणि परात उन्हात तिरकी केली. तेलात चंदेरी पूड चमकत होती. त्यांनी कॅमशाफ्ट बाहेर काढला. एका उंचवट्याचं टोक गेलं होतं. बोट फिरवलं तर बाकीचे अंड्यासारखे लागत, हा जवळजवळ गोल लागत होता.

त्यांनी मला आबांसमोर विचारलं. आवाजात आरोप नव्हता. "पेपरवाल्या, आठवून सांग. मदी स्लोवर गेलती का? थोडा येळ तरी?"

आबा माझ्याकडे पाहत होते. मुलगा पेपरात आहे, तो खरं तेच लिहितो, असं ते लोकांना सांगत असत. मी म्हणालो, "नाही चाचा. पूर्ण वीस मिनिटं."

पहिलं 'नाही' तोंडातून निघून गेलं होतं. हे दुसरं मी विचार करून बोललो. पहिल्याबद्दल मी स्वतःशी अजूनही थोडी सबब सांगू शकतो. दुसऱ्याबद्दल नाही.

मिस्त्री बराच वेळ त्या एका उंचवट्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग पेस्ट ऱ्हायली आसंल. ह्या एकाला लावायची ऱ्हायली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "लावली हुती वाटतंय मला. पन वाटून काय." आबा त्यांची समजूत काढू लागले. मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी मिस्त्रींनी आम्हाला गोणपाट दिलं नाही. झिजलेला कॅमशाफ्ट त्यांनी स्वतःच्या घरी नेला.

दुसरा कॅमशाफ्ट मिळेना. जीप आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. त्यानंतरच्या महिन्यांत मिस्त्री प्रत्येक नट आवळला की त्यावर खडूची खूण करू लागले. आधी त्यांच्या इंजिनावर कधी खूण नसे. कामशेतच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी ते भल्या सकाळी एसटीने गेले, कारण दोन दिवसांपूर्वी बसवलेला एक बोल्ट आवळला होता की नाही, हे त्यांना आठवेना. बोल्ट आवळलेला होता. खूणही होती. आबा वाईट मनाचे नाहीत, पण टपरीवर एकदा बोलून गेले, "दस्तगीरचा हात गेला रं आता." वाक्य लोणावळ्यापर्यंत गेलं. मीही ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मान डोलावली.

"इंजिनाचं काम बंद केलं," मिस्त्री लोकांना सांगू लागले. "ब्रेक, क्लच बगतो." वर्षभराने त्यांनी शेडही सोडली. लोणावळ्याजवळ तुंगार्लीत एका बंगल्यावर राखणदाराची जागा होती. झाडांना पाणी घालायचं आणि शनिवार-रविवारी येणाऱ्यांच्या गाड्यांना फाटक उघडायचं.

पुढच्या दोन वर्षांत मी तुंगार्लीच्या रस्त्याने बातमीसाठी अनेकदा गेलो. बंगला मला माहीत होता. दोनदा मी त्यांना लांबून पाहिलं. एकदा फाटकातून आत जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या मालकाला ते सांगत होते, "सायेब, डाव्या बाजूचं पुढचं बेअरिंग बगून घ्या, वाजतंय." मालकाने त्यांच्या हातात बर्फाचा खोका दिला. माझ्या धंद्यात चूक झाली तर तिची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापतात. मी स्वतः अशा दुरुस्त्या लिहिल्या आहेत. दोन ओळी पुरतात. इथे मला तीन वर्षं लागली.

एका सोमवारी मी गेलो. बंगला रिकामा होता. मिस्त्री पाइपने कर्दळीला पाणी घालत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. "ये पेपरवाल्या. आबांचा गुडघा कसा हाय?" फाटकाजवळच्या खोलीत त्यांनी चहा टाकला. खाट, स्टोव्ह, भिंतीला घड्याळ नाही. खिडकीत तेलाच्या फडक्यावर आमचा कॅमशाफ्ट होता. त्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

मी उभ्यानेच सांगितलं. पाय काढला होता, फोन होता, तुम्ही विचारलंत तेव्हा दोन्ही वेळा खोटं बोललो.

त्यांनी स्टोव्ह बंद केला. "किती मिनिटं?"

"सात."

"सुरवातीची का नंतरची?"

"तुम्ही गेल्यावर दोन मिनिटांनी. तेव्हा दहा झाली होती."

"दहा झालीवती." त्यांनी डोळे मिटले. ते मनात इंजिन फिरवून पाहत होते, हे मला कळलं. पेचकस धरून असेच डोळे मिटायचे. "व्हय. मागचा हाय त्यो. तितं तेल शेवटी जातं. सात मिनिटं लय झाली." मग डोळे उघडले. "म्हंजी पेस्ट मी लावलीवती."

"हो चाचा."

"लावलीवती मी." हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि परतही केली नाही. खिडकीतला कॅमशाफ्ट उचलला, कोपऱ्यातलं गोणपाट घेतलं, व्यवस्थित गुंडाळून सुतळीने बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये तुमचं," ते म्हणाले. "घरी न्या." तोवर ते मला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. चहा झाला होता, पण ओतला नाही. ते पाइप उचलून पुन्हा कर्दळीकडे गेले.

लोणावळ्याहून बेगडेवाडीपर्यंत ते गोणपाट मांडीवर होतं. घरी आबा ओट्यावर बसले होते. "काय आणलंस?" त्यांनी विचारलं. गोणपाट सोडल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं. मिस्त्रींनी घरी न्या का म्हटलं, ते मला तेव्हा समजलं.

आबांनी सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "मी टपरीवर काय बोललो, ते तुझ्या कानावर आलं होतं?"

"आलं होतं."

"आणि तू गप बसलास."

"हो."

दुसऱ्या सकाळी ते काठी टेकत वडगावला गेले आणि त्याच टपरीवर, त्याच बाकावर बसून, दस्तगीरचा हात गेला नव्हता, आपल्या मुलाने पाय काढला होता, असं नावानिशी सांगितलं. तिथून ते तुंगार्लीला गेले. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुसरा कॅमशाफ्ट मिळायला दीड वर्ष गेलं. मिस्त्रींनीच ओळखीतून मिळवला. मंगळवारी त्यांना बंगल्यावरून सुट्टी असे. सलग पाच मंगळवार ते लोणावळ्याहून लोकलने बेगडेवाडीला आले, स्टेशनपासून चालत घरी आले आणि आमच्या अंगणात इंजिन खोलून पुन्हा बांधलं. नजर कमी झाली होती. बरंचसं ते चाचपून करत. आबा खुर्ची टाकून शेजारी बसत आणि दोघे जुन्या गाड्यांबद्दल बोलत. माझ्याशी ते नीट वागले. "जरा पाना द्या," "ह्ये धरा," असं. त्यांनी मला पुन्हा पेपरवाल्या म्हटलं नाही. त्या मंगळवारांनंतर ते दोनच वर्षं जगले. वडगावला त्यांच्या मातीला मी गेलो होतो. लोक पुष्कळ होते आणि बहुतेक जीपवाले होते.

पाचव्या मंगळवारी इंजिन सुरू करायचं होतं. जीपचं बॉनेट उघडं होतं. मी आत डोकावलो. एकाही बोल्टवर खडू नव्हता. पिशवीतून त्यांनी ते दोन घंटांचं घड्याळ काढलं आणि स्टूल शोधू लागले. आबांचा गुडघा आता पूर्वीपेक्षा वाईट होता. मी चपला काढल्या आणि सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला गेलो.

मिस्त्री सीटवर आधीच चढून बसले होते.

आबा खुर्चीतून म्हणाले, "दस्तगीर, ज्याची गाडी त्याचा पाय म्हणायचास ना?"

"म्हनायचो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी खाली हात केला. त्या हातात घड्याळ होतं. "तुमी ह्ये धरा," ते मला म्हणाले, आणि चावी फिरवली.